विद्यापीठात 'ऐच्छिक' माहितीचा फॉर्म काढलाय, लोक भरतच नाहीत. काय करावं?

कागदीघोडा

मंडळी नमस्कार. एका विद्यापीठाच्या प्रशासनात काम करतो, कुठल्या ते कृपया विचारू नका. आमच्याकडे समावेशनासाठी एक समिती आहे, तिने ठरवलंय की विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांकडूनही लिंग, वंश, जात, धर्म, मातृभाषा, अपंगत्व, लैंगिक कल, घरात आधी कोणी पदवीधर होतं का, अशी सगळी माहिती ऐच्छिक फॉर्मवर गोळा करायची. गरज खरी आहे. आत्ता बैठकीत कोणी म्हणालं की अमुक गटातली मुलं पहिल्या वर्षानंतर जास्त गळतात, तर ते खरं का खोटं हे सांगायला आमच्याकडे काहीच नसतं, जो तो आपल्या वर्गातल्या चार मुलांवरून बोलतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

गेल्या वर्षी ईमेलने लिंक पाठवून बघितली. निम्म्या लोकांनीही भरली नाही, ज्यांनी उघडली त्यातल्या बऱ्याच जणांनी अर्ध्यात सोडली, आणि काहींनी धर्माच्या रकान्यात जे लिहिलंय ते इथे टाइप करता येणार नाही. आता एक ज्येष्ठ सर म्हणतायत सक्तीचा करा, रिझल्ट अडवा, आठवड्यात सगळे भरतील. दुसरीकडे आयटीवाले म्हणतात पूर्ण निनावी करून टाका म्हणजे कटकटच नको. मला दोन्ही पटत नाहीये, पण का पटत नाही ते बैठकीत नीट मांडताही येत नाहीये. ज्यांनी असलं काम केलंय त्यांनी बोला, आणि जे असे फॉर्म भरायला सरळ नकार देतात त्यांनी तर नक्कीच बोला.

रकानेदार

आकडेवारीच्या बाजूने बोलतो, पोटापाण्याचा धंदाच तो आहे.

सरांना सांगा, रिझल्ट अडवलात तर फॉर्म भरले जातील पण त्यात खरं किती ते कधीच कळणार नाही. ड्रॉपडाऊनमधला पहिला पर्याय अचानक बहुसंख्य होईल. कोरा रकाना निदान कोरा दिसतो तरी, खोटा भरलेला रकाना खऱ्यासारखाच दिसतो, आणि मग त्यावर तुम्ही पाच वर्षांचं धोरण आखणार.

निनावी करण्यात वेगळी अडचण आहे. निनावी सर्व्हेतून एवढंच कळतं की ज्यांनी भरला त्यांच्यात आज कोण किती आहेत. तुमचा प्रश्न तर गळतीचा आहे, म्हणजे ज्या मुलीने पहिल्या वर्षी 'घरात पहिलीच पदवी घेणारी' असं सांगितलं ती तिसऱ्या वर्षात दिसते का नाही, हे जोडून बघायला लागणार, आणि जोडायला काहीतरी आयडी लागणारच. शिष्यवृत्ती कोणाला मिळते, नापास कोण जास्त होतं, नोकरीत बढती कोणाला उशिरा मिळते, सगळ्याला तेच. साधारण करतात असं की रोल नंबरच्या जागी टोपण आयडी लावायचा आणि कुठला टोपण आयडी कोणाचा ही किल्ली वेगळ्या माणसाकडे, वेगळ्या सर्व्हरवर ठेवायची, विश्लेषण करणाऱ्याला ती दिसताच कामा नये. फक्त त्याला फॉर्मवर 'निनावी' म्हणू नका. युरोपचा जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यात टोपण आयडी लावलेला डेटा हा वैयक्तिक डेटाच धरतात, आणि वंश, धर्म, आरोग्य, लैंगिक कल हे कलम ९ खाली विशेष जपायच्या प्रकारात येतं. कायदा तुम्हाला लागू असो नसो, विद्यार्थ्याला 'निनावी' सांगून मागे किल्ली ठेवणं ही फसवणूक आहे. 'गोपनीय' म्हणा आणि म्हणजे नेमकं कोण बघणार ते हुद्द्यासकट लिहा.

आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला ठेवा, आधीपासून टिक केलेला काहीही नको. 'सांगायचं नाही' वेगळं मोजायचं, कोरा सोडलेला रकाना वेगळा. पहिल्याने प्रश्न वाचून नकार दिलाय, दुसरा कदाचित स्क्रोल करत पुढे गेलाय. माझ्या मते सक्तीच करायची हौस असेल तर स्क्रीन उघडायची करा, उत्तराची नको, म्हणजे नावनोंदणीच्या वेळी पान सगळ्यांसमोर येईल आणि 'सांगायचं नाही' वर टिक करून दहा सेकंदात पुढे जाता येईल. ईमेलची लिंक कोणी उघडत नाही हो, मी पण नाही उघडत.

शंकासुर

मी तो नकार देणारा. कारण सांगतो.

तुमची समिती चांगली असेल, मानलं. पण यादी समितीपेक्षा जास्त जगते. दुसऱ्या महायुद्धाआधी नेदरलँड्समध्ये लोकसंख्या नोंदणी अतिशय व्यवस्थित होती, त्यात धर्माची पण नोंद होती, आणि ती कोणी वाईट हेतूने केली नव्हती. नाझी आले आणि ती नोंदणी त्यांच्या हातात आयती पडली. मार्च १९४३ मध्ये तिथल्या प्रतिकार चळवळीच्या लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला करून कागद जाळायचा प्रयत्न केला, इतकी त्या कागदांची भीती होती. अमेरिकेत १९४० च्या जनगणनेची माहिती जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये हलवताना वापरली गेली, कायद्याने गोपनीय असलेली माहिती बरं का, युद्धकाळात कायदा बदलून ती मोकळी केली. मी काही असं म्हणत नाहीये की तुमचं विद्यापीठ उद्या छावण्या काढेल. एवढंच म्हणतोय की 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे वाक्य ज्याला लिहायचं त्याने 'आमच्यानंतर येणाऱ्यांवरही' असं धरूनच लिहावं.

दुसरं, फ्रान्समध्ये तर कायदे घटनेला धरून आहेत का ते बघणाऱ्या घटना परिषदेने २००७ मध्ये वांशिक मूळ विचारणाऱ्या अभ्यासांची तरतूदच रद्द केली. मग तिथे भेदभावाविरुद्ध काम होत नाही का?

रकानेदार

@शंकासुर, नेदरलँड्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणून तर काय विचारायचं नाही हे आधी ठरवायला हवं. फ्रान्सचं मात्र उलट वाचा. तिथल्या संशोधकांना भेदभाव मोजायचाच होता, मग त्यांनी आईवडिलांचा जन्म कुठल्या देशात झाला हे विचारून काम भागवलं, २००८-०९ मध्ये सरकारी संस्थांनीच तसा मोठा सर्व्हे केला. त्यात ज्यांच्या आजीआजोबांची पिढी बाहेरून आली ते निसटतात. म्हणजे प्रश्न नाही विचारला तर भेदभाव जात नाही, तो आडून मोजायला लागतो आणि कच्चा मोजला जातो.

कागदीघोडा

वा, चांगलं चाललंय. शंकासुर, एक विचारतो, तुम्हाला काय दिसलं तर तुम्ही भराल? का काहीही दिसलं तरी नाही?

शंकासुर

प्रत्येक प्रश्नासमोर तो कशासाठी हवाय ते एका ओळीत. 'विविधता वाढवण्यासाठी' असलं गुळगुळीत नको, 'वसतिगृहात किती खोल्या बदलायच्या ते ठरवायला' असं काहीतरी. आणि डिलीट कधी करणार ती तारीख. आणि मी नंतर माघार घेतली तर खरंच पुसणार का. ही तीन उत्तरं दिसली तर निम्मे प्रश्न भरेन. लैंगिक कल तरीही नाही भरणार, विद्यापीठाला त्याचं काय करायचंय ते मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

चाकांवरची

अपंगत्वाच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो बहुतेक फॉर्मवर इतका वाईट असतो की चीड येते. 'तुम्ही अपंग आहात का? होय / नाही.' संपलं. मी व्हीलचेअर वापरते तर मला 'होय' म्हणायला काही अडचण नाही, दिसतंच ते. पण माझ्या ओळखीत एकीला एका कानाने ऐकू येत नाही, एकाला आकडी येते, एकीला वाचताना अक्षरं हलतात, यातलं कोणीही 'होय' वर टिक करणार नाही, कारण त्यांच्या डोक्यात तो शब्द त्यांच्यासाठी नाहीचे. मग ऑफिस म्हणतं आमच्याकडे अपंग विद्यार्थी फारच कमी आहेत बुवा, आणि परीक्षेला जास्त वेळ मागायला गेलं की 'एवढ्या थोड्यांसाठी वेगळी सोय?'

यावर तयार उत्तर आहे, नव्याने काही शोधू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये वॉशिंग्टन ग्रुप स्थापन झाला, त्यांचा छोटा प्रश्नसंच सहा प्रश्नांचा आहे. बघायला, ऐकायला, चालायला किंवा जिने चढायला, लक्षात ठेवायला किंवा एकाग्र व्हायला, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामं करायला, आणि बोलून समजून घ्यायला-द्यायला त्रास होतो का. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. 'अपंग' हा शब्द कुठेही येत नाही. एका तरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'जमतच नाही' असेल तर मोजायचं, असा त्यांचा नेहमीचा हिशोब. त्यात कमी आहे ती मानसिक आजारांची, चिंता आणि नैराश्याचे प्रश्न त्यांच्या मोठ्या संचात आहेत, छोट्यात नाहीत, आणि विद्यापीठात तर ते हवेतच, तेवढे जोडून घ्या.

पण खरा राग वेगळाच आहे माझा. हा फॉर्म आणि सोय मागायचा फॉर्म हे दोन वेगळे आहेत हे मोठ्या अक्षरात लिहा! लोकांना वाटतं की आपण इथे सांगितलं म्हणजे आता रॅम्प येईल, लेखनिक मिळेल. येत नाही काही, कारण हा डेटा टोपण आयडीने बंद खोलीत गेलेला असतो. मग वर्षभर वाट बघून माणूस म्हणतो सांगून काय उपयोग झाला, आणि पुढच्या वेळी भरत नाही. फॉर्मच्या त्याच पानावर सोय मागायच्या फॉर्मची लिंक द्या, एका ओळीचं काम आहे.

अर्धविराम

+१ चाकांवरची, शेवटचा पॅरा फ्रेम करून लावण्यासारखा.

विद्यार्थी आहे, ट्रान्स आहे, असे बरेच फॉर्म बघितलेत. पुरुष / स्त्री / इतर, यातलं 'इतर' हे उत्तर नाही, ती अडगळीची खोली आहे. आणि ट्रान्स पुरुषाने 'पुरुष' वर टिक करायची का 'इतर' वर, हे फॉर्म काढणाऱ्याने ठरवलेलंच नसतं, मग निम्मे इकडे निम्मे तिकडे आणि आकडा निरर्थक. काही ठिकाणी दोन पायऱ्यांत विचारतात, जन्मावेळी काय नोंदलं होतं आणि आता तुम्ही स्वतःला काय म्हणता, अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०२२ च्या अहवालात तीच शिफारस आहे. आकड्यांसाठी ते बरोबर असेलही पण माझ्यासाठी पहिला प्रश्नच सगळ्यात टोचणारा आहे, आणि जिथे माझ्यासारखे दोनतीनच जण आहेत तिथे मी तो भरला तर मीच ओळखला जाणार.

दुसरं म्हणजे प्रश्न साधा ठेवा. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदा लिंगओळखीचा प्रश्न आला, ऐच्छिक, फक्त १६ आणि त्यापुढच्यांना, आणि ९४ टक्के लोकांनी उत्तर दिलं, म्हणजे लोक उत्तर देत नाहीत असं काही नाही. पण वाक्यरचना इतकी वळणाची होती की ज्यांची इंग्रजी कच्ची त्यांच्यातल्या काहींनी तो उलटा समजून उत्तर दिलं असावं अशी शंका आली, आणि २०२४ मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला त्या आकड्यांवरचा प्रमाणित दर्जाचा शिक्का काढून घ्यायला लागला. त्यामुळे कागदीघोडा, फॉर्म ज्या ज्या भाषांत मुलं विचार करतात त्यात काढा आणि आधी वीसेक जणांना समोर बसवून मोठ्याने वाचायला सांगा, कुठे अडखळतात ते बघा.

निवांतपणे

फॉर्म कधी द्यायचा यावर कोणी बोललं नाही अजून. प्रवेशअर्जाला जोडू नका. निवड व्हायच्या आधी हे विचारलं की अर्जदाराला वाटणारच की यावरून ठरणार, काही जण लपवतील, काही मुद्दाम सांगतील. प्रवेश झाल्यावर विचारा. आणि परीक्षेच्या पेपराच्या सुरुवातीला तर कधीच नको, स्टील आणि ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या प्रयोगात परीक्षेआधी नुसता वंश भरायला लावल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कामगिरी खाली आली होती. पुढे त्यावर बराच वाद झालाय, खऱ्या मोठ्या परीक्षांमध्ये हा परिणाम दिसतो की नाही यावर संशोधकांचं अजून जमलेलं नाही, पण शेवटी विचारायला काही खर्च येत नाही मग वाद कशाला अंगावर घ्या.

आणि उत्तर बदलता आलं पाहिजे. अठराव्या वर्षी माणूस जे भरतो तेच एकविसाव्या वर्षी भरेल असं नाही. दरवर्षी नोंदणीच्या वेळी जुनं उत्तर दाखवा, बदलायचंय का विचारा.

शंकासुर

जुनं उत्तर दाखवणार म्हणजे लॉगिन उघडं राहिलं तर शेजारी बसलेल्यालाही दिसणार ना? वसतिगृहात एक लॅपटॉप चौघे वापरतात.

निवांतपणे

हम्म, बरोबर आहे. मग नुसतं 'तुम्ही आधी भरलंय, पुन्हा भरायचंय का' एवढंच दाखवायचं, उत्तर नाही.

रकानेदार

अर्धविराम यांनी 'मीच ओळखला जाणार' म्हटलंय तो सगळ्यात अवघड भाग आहे, समित्या नेमका तोच विसरतात, म्हणून जरा लांबण लावतो.

नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं नसतं. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० साली १९९० च्या जनगणनेवरून हिशोब मांडला होता की अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना पाच आकडी झिप कोड (तिकडचा पिन कोड), जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून एकटं वेगळं काढता येईल. नंतरच्या एका हिशोबात तो आकडा ६३ टक्के आला, पण तोही काही दिलासा नाही. आता तुमच्या विद्यापीठात विभाग, वर्ष, लिंग, धर्म, अपंगत्व असा तक्ता पाडलात तर कित्येक चौकटीत एकच माणूस उरेल, आणि त्या विभागातल्या कोणालाही तो कोण ते विचारायची गरज पडणार नाही.

म्हणून छोटे आकडे छापायचे नाहीत. ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाची आकडेवारी काढणारी हेसा नावाची यंत्रणा, तिची पद्धत सोपी आहे, प्रत्येक संख्या जवळच्या पाचाच्या पटीत न्यायची, ०, १, २ असेल तर सरळ ० लिहायचं, आणि साडेबावीसपेक्षा कमी माणसांवर काढलेली टक्केवारी छापायचीच नाही. एक पळवाट तरीही उरते. विभागाची एकूण संख्या ४३ आणि चार गटांपैकी तीन नेमके छापले तर चौथा वजाबाकीने निघतो, म्हणून एक चौकट झाकली की आणखी एक झाकायला लागते. आणि अहवाल दर महिन्याला काढू नका! मार्चमध्ये १२ आणि एप्रिलमध्ये १३, आणि मध्ये एकच माणूस रुजू झालाय, झालं, कळलं सगळ्यांना. वर्षातून एकदा बास. त्या ज्येष्ठ सरांना लाइव्ह डॅशबोर्ड हवा असेल, सगळ्याच ज्येष्ठ सरांना हवा असतो, देऊ नका.

याची उलट बाजूही आहे. अर्धविराम यांचा गट दरवर्षी ० छापून येईल आणि मग कोणीतरी म्हणेल असे विद्यार्थी आपल्याकडे नाहीतच. तिथे आकडेवारी हे हत्यारच चुकीचं आहे. त्या दोनतीन जणांशी, त्यांची तयारी असेल तर, बसून बोलावं लागतं.

फॉर्म न भरणाऱ्यांबद्दल अजून एक. किती भरले यापेक्षा कोणी भरले नाहीत ते तपासा. विभाग, वर्ष, प्रवेशाचा प्रकार हे तर तुमच्याकडे सगळ्यांचं आहेच, ते न भरणाऱ्यांशी ताडून बघा. सगळे न भरणारे एकाच विभागातले निघाले तर फॉर्मचा दोष नाही, त्या विभागात काहीतरी शिजतंय.

कागदीघोडा

मंडळी, हे सगळं प्रिंट काढून समितीत नेतोय (टोपणनावं काढून, काळजी नसावी).

माझ्या मनात आता असं आहे की यादी निम्मी करायची. ज्या प्रश्नाच्या उत्तरावरून कोणता विभाग काय बदलणार ते समितीला एका ओळीत लिहिता येत नाही तो प्रश्न यंदा नाही. लैंगिक कलाचा प्रश्न त्यात उडतोय, एकीने बैठकीत समुपदेशन केंद्रासाठी हवा म्हटलं होतं, पण केंद्राला विचारलं तर ते म्हणाले आम्हाला अशी यादी नकोच, आमच्याकडे जो येतो तो स्वतः सांगतो. मातृभाषा राहतेय, कारण पूरक वर्ग कुठल्या भाषेत घ्यायचे ते त्यावर ठरणार. 'घरात पहिला पदवीधर' राहतोय पण आईवडील दोघं का भावंडंही धरायची यावर भांडण चालू आहे.

कर्मचाऱ्यांचं मात्र अडलंय. साहेबांनी 'ऐच्छिक आहे' म्हणून फॉर्म पुढे केला तर तो ऐच्छिक राहतो का?

निवांतपणे

नाही राहत. जीडीपीआरच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की दोन बाजूंच्या ताकदीत उघड तफावत असेल तर संमतीवर विसंबू नये. ब्रिटनच्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्यात समान संधी तपासण्यासाठी वेगळीच तरतूद केलीय आणि तिला काही अटी चिकटवल्यात, त्यातल्या दोन कुठेही उचलून वापरण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्या माहितीवरून कुठल्याही एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही. दुसरी, त्या माणसाने लेखी कळवलं की रास्त मुदतीत त्याची माहिती वापरणं थांबवायचं. पहिली अट कर्मचाऱ्यांच्या फॉर्मवर सगळ्यात वर लिहा, आणि फॉर्म विभागप्रमुखांमार्फत न पाठवता थेट पाठवा. कोणी भरला कोणी नाही याची यादी विभागप्रमुखाला मिळताच कामा नये, ती मिळाली की चहाच्या वेळी 'तुमचा राहिलाय बरं का' सुरू होतं.

शंकासुर

या अटीवर मी भरेन. निम्माच.

चाकांवरची

आणि भावंडं धरू नका हो. मोठ्या बहिणीने आधीच सगळी वाट काढून दिली असेल तर धाकट्याची गोष्ट वेगळी हे खरं, पण ते वेगळ्या प्रश्नात विचारा, आईवडिलांच्या प्रश्नात कालवलंत तर दोन्ही जाईल. मागच्या वर्षीच्या फॉर्मचं पुढे काय झालं तेही नव्या फॉर्मच्या वर लिहा, काहीच झालं नसेल तर तसं लिहा.